आबिड्सला निघालेली म्हैस

पाच वाजले की चिक्कडपल्लीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत म्हैस यायची. खरीखुरी नव्हे, स्केचपेनने काढलेली, निळ्या शिंगांची. काळा पेन मध्येच संपला म्हणून शिंगं निळी झाली, एवढंच; पण साडेपाच वर्षांच्या रेणूला म्हशीची शिंगं निळीच असतात याबद्दल तिळमात्र शंका उरली नव्हती. शाळेतून आली, दुधाची मिशी फ्रॉकला पुसली की ती आजोबांशेजारी चटईवर बसायची, पुस्तक मांडीवर घ्यायची आणि एकेका शब्दाखाली बोट सरकवत वाचायची.

"म्हैस उठली. म्हैस नटली. म्हैस निघाली आबिड्सला."

लक्ष्मणराव डोळे मिटून ऐकायचे. एखादं भजन ऐकावं तसं नव्हे हो, परीक्षकासारखं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षीही त्यांची भुवई चुकीच्या उच्चाराला आपोआप वर जायची.

हे पुस्तक बाजारात मिळत नाही. ते घरात तयार झालं, आणि भांडून तयार झालं. लक्ष्मणरावांनी आधी भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावला होता. अ अननसाचा, आ आगगाडीचा. तिसऱ्याच दिवशी रेणूने अशी जांभई दिली की तिची पडजीभ दिसली. तेव्हा आजी, म्हणजे भामाबाई, स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"अहो, अननस किती वेळा येतो आपल्या घरी? तिला ज्याचं कौतुक आहे त्याच्यावरनं शिकवा ना. काल ती म्हैस रस्त्यात बसली होती, सगळा ट्रॅफिक थांबला, पोरगी तासभर तेच सांगत होती."

"म्हैस? जोडाक्षरानं सुरुवात करायची? अगं, पद्धत म्हणून काही असते की नाही?"

"तुमच्या पद्धतीला जांभया येऊन राहिल्यात. तिला म्हैस माहीत आहे ना, मग अक्षर ओळखेल हळूहळू. आधी गोष्ट, मग अक्षर."

भामाबाई वकिलाची मुलगी. त्यांच्याशी वाद घालून लक्ष्मणराव आजवर एकदाही जिंकले नव्हते, फक्त हरलो असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं. ते उठले आणि कपाटावरचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. निजामाच्या या शहरात लग्नपत्रिका म्हणजे पत्रिका नसते, पुठ्ठाच असतो. एक भिरकावली तर मांजर जखमी होईल. त्यांची मागची कोरी बाजू भामाबाईंनी चित्रांनी भरली आणि खाली लक्ष्मणरावांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात एकेक ओळ लिहिली. म्हशीला पत्र टाकायला शहरातल्या गजबजलेल्या आबिड्सच्या पोस्टात जायचं असतं. बसवाला म्हणतो, "नक्को!" रिक्षावाला म्हणतो, "नक्को!" म्हैस म्हणते, "मी चालत जाईन." पोस्टात गेल्यावर ती तिकीट चिकटवायला जीभ काढते, आणि तिच्या त्या भल्या मोठ्या जिभेवर तिकीटच हरवतं. बारा पानं झाली. लक्ष्मणरावांनी दाभण घेतलं, जाड दोरा ओवला आणि चार टाके घालून पुस्तक शिवून टाकलं. शिवणकामात त्यांचा हात कुणी धरला नसता. सरकारी दफ्तरात छत्तीस वर्षं त्यांनी जुन्या उर्दू कागदपत्रांचं भाषांतर केलं होतं, आणि ते सुटे कागद ते स्वतः शिवायचे. शिपायावर त्यांचा भरवसा नव्हता.

पाच महिन्यांत रेणू वाचायला लागली. निदान लक्ष्मणरावांचं तरी तसं म्हणणं होतं. जिन्यात भेटेल त्याला ते थांबवून सांगायचे. आनंद तर होताच, पण त्यामागे एक भीतीही होती, आणि ती त्यांनी फक्त भामाबाईंना एकदा सांगितली होती. या घरात मराठी बोलणारे पाच होते आणि वाचणारे दोनच, तेही म्हातारे. मुलगा विकास देवनागरीत दुकानांच्या पाट्यांपुढे जात नसे. सून प्रणिता शाळेत तेलुगू आणि इंग्रजीवर वाढलेली. आपण दोघं गेल्यावर कपाटातली पुस्तकं कोण उघडणार? रद्दीवाला. म्हणून रेणू. तिच्यावर त्यांची सगळी भिस्त होती.

आणि एका सोमवारी शाळेच्या डायरीतून चिठ्ठी आली.

प्रणिता ऑफिसातून सातला आली, तिने चिठ्ठी वाचली, पर्स खांद्यावरच ठेवून पुन्हा वाचली आणि मिसला फोन लावला. फोन संपल्यावर ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली.

"अण्णा, रेणू शाळेत पुस्तक मागून उघडते. प्रत्येक पुस्तक. मिसनी विचारलं, गोष्ट कुठून सुरू होते, तर शेवटचं पान दाखवलं. वहीत लिहायलासुद्धा शेवटच्या पानापासनं सुरुवात करते. बाकीची मुलं हसतात कते, मिस सांगत होत्या."

"हसू दे. पोरं हसणारच."

"तसं नाही ना अण्णा. मिस बोलल्या, घरी आणखी एक लिपी शिकवता का? मी बोलले, हौ, मराठी. तर त्या बोलल्या, तिच्या डोक्यात गोंधळ होतोय. वर्षभर बंद करा. आणि एकदा डॉक्टरांना दाखवून टेस्ट करून घ्या." प्रणिताने डायरी मिटली. "त्या आणखी एक बोलल्या. घरचं पुस्तक ती वाचत नसेल, पाठ झालं असेल. चित्र बघून बोलत असेल."

यातलं शेवटचं वाक्य लक्ष्मणरावांच्या अगदी वर्मी लागलं. "पाठ? माझी विद्यार्थिनी पाठ करून बोलते? त्या मिसचं वय काय?"

"अण्णा, वयाचं काय काम आहे इथं?"

"चूक शाळेची आहे. तुमच्या त्या मोबाइलची आहे. दिवसभर बोट इकडून तिकडं, इकडून तिकडं. पानं उलटी फिरणारच. आणि तुझा निजामाबादचा मामा डावखुरा आहे, तेही बघायला पाहिजे."

मामाचं नाव निघाल्यावर प्रणिता उठली. ती मोठ्याने कधी बोलत नसे, पण बोलली की पक्कं बोलायची. "वर्षभर मराठी बंद, अण्णा. टेस्ट होईपर्यंत तर बंदच. मला रागावू नका." विकास दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. तो बापाकडेही बघेना आणि बायकोकडेही. असल्या वेळी त्याला चपलांच्या स्टँडमध्ये फार रस वाटायचा.

त्या रात्री लक्ष्मणरावांनी शाळेला इंग्रजीत पत्र लिहायला घेतलं. 'विथ ड्यू रिस्पेक्ट'पासून सुरुवात केली आणि चौथ्या ओळीपर्यंत सगळा रिस्पेक्ट संपला. भामाबाईंनी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि त्यावर सकाळी कोथिंबीर निवडली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजले. रेणू चटई घेऊन आली. "आबा, म्हैस?"

"आज म्हशीला सुट्टी आहे."

"उद्या?"

लक्ष्मणरावांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. ते त्यांनी सकाळीच अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. सुनेने शिकवायला बंदी केली होती, तपासायला नव्हती, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दफ्तरात राहिलेल्या माणसाला पळवाट लगेच सापडते. त्यांनी रेणूपुढे चटईवर चार वस्तू मांडल्या: भामाबाईंची पदार्थांची वही, जुनी टेलिफोन डायरी, बँकेचं पासबुक आणि शाळेतून मिळालेलं हत्तीचं इंग्रजी पुस्तक. "हं, एकेक उघड बघू."

रेणूने पदार्थांची वही घेतली, पालथी केली आणि मागून उघडली. मग डायरी, तीही मागून. पासबुकही तसंच. हत्तीच्या पुस्तकात तर तिने शेवटच्या पानावर झोपलेल्या हत्तीवर बोट ठेवलं आणि खुशीत सांगितलं, "इथनं सुरू. हत्ती झोपला. मग उठेल."

म्हणजे मिस खरं बोलत होती. मोबाइल नाही, मामा नाही. गोंधळ होता आणि तो पोरीच्या डोक्यात होता. तो आला कुठून? पाच महिने तिच्या डोक्याशी रोज कोण बसत होतं? आपण हौसेपायी या लेकराचं नुकसान तर केलं नाही ना, या विचाराने त्यांना रात्री जेवण गेलं नाही. भामाबाईंनी ताक दिलं, तेही अर्धं राहिलं.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी हेमंत वकील आले. जुन्या जागेच्या भानगडींत उर्दू दस्त निघाला की आसपासचे वकील अजूनही लक्ष्मणरावांचं दार वाजवायचे. या वेळचा दस्त बेगम बाजारातल्या एका घराचा होता, निजामाच्या काळचा, पिवळा पडलेला, टाके सुटून पानं मोकळी झालेला. लक्ष्मणरावांनी तो वाचून दिला, हेमंतनी लिहून घेतला. जरा बरं वाटलं. निदान या कामात तरी आपण कुणाचं वाटोळं करत नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी दाभण काढलं आणि पानं जुळवून चार टाके घालून दस्त शिवून दिला.

रेणू इतका वेळ वकिलांच्या बॅगेच्या चेनशी खेळत होती. शिवलेला दस्त दिसताच तिने तो उचलला, मांडीवर घेतला आणि उघडला.

हेमंत हसले. "अरे वा! काकासाहेब, नात तुमची खरी वारस आहे. आमच्या ऑफिसातली सगळी पोरं उर्दूची फाईल उलटी उघडतात. हिला बरोबर कळलं की कुठनं उघडायची!"

लक्ष्मणरावांच्या हातातलं दाभण तिथंच थांबलं.

हेमंत कधी उठले, चहा प्यायले की नाही, हे त्यांना नंतर सांगता आलं नसतं. वकिलांची पावलं जिन्यात उतरली तसे ते उठले आणि म्हशीचं पुस्तक घेऊन आले. चटईवर सरळ ठेवलं. वर म्हैस, निळी शिंगं. टाके उजवीकडे. म्हणजे पहिलं पान उलटायचं तर डावीकडची कड धरून उजवीकडे. उजवीकडून वाचायच्या उर्दू दस्तासारखंच. शब्द डावीकडून, पानं मात्र उजवीकडून. छत्तीस वर्षं हात ज्या बाजूला टाके घालत आला त्याच बाजूला त्याने म्हशीलाही घातले होते, आणि मालकाला विचारलंसुद्धा नव्हतं. पोरीचं पहिलं पुस्तक, सर्वांत लाडकं पुस्तक. जगातली सगळी पुस्तकं अशीच उघडतात, हे ती इमानदारीत शिकली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मोबाइल झाला, मिस झाली, निजामाबादचा मामा झाला, आणि चोर बसला होता दाभण हातात घेऊन.

भामाबाईंना कसं दिसलं नाही? त्यांच्या माहेरी उर्दूही होतं आणि मराठीही; निम्मी पुस्तकं इकडून उघडायची आणि निम्मी तिकडून. त्या घरात वाढलेल्या बाईला त्यात वावगं ते काय वाटणार?

आता इथे लक्ष्मणरावांच्या मनात जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं: पोरगी ठणठणीत आहे. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, की हे अजून कुणालाच ठाऊक नाही. टाके काढायचे, डावीकडून घालायचे. महिनाभर पोरीला सरळ पानं उलटायला लावायची. सुधारली की म्हणायचं, बघा, मोबाइल कमी केला ना! साप भी मरे, लाठी भी न टूटे.

दुपारी भामाबाई आडव्या झाल्यावर त्यांनी कात्रीने टाके कापले. बाराही पानं चटईवर पसरली. दोरा तीनदा ओवावा लागला.

"काय करून राहिलात?" भामाबाई दारात उभ्या होत्या.

"दोरा जुना झाला होता."

"पाच महिन्यांत?" त्यांनी चटईकडे पाहिलं, दाभणाकडे पाहिलं, नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. वकिलाची मुलगी ती. "हं," एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. पन्नास वर्षांच्या संसारातलं सगळ्यात लांबलचक भाषण त्या 'हं'मध्ये होतं.

चहा होतो न होतो तोच लॅच वाजलं. प्रणिता लवकर आली होती, आणि पाठोपाठ विकासही. दोघांनी अर्धा दिवस रजा टाकली होती. सहा वाजता डॉक्टरांची वेळ मिळाली होती.

"रेणूला तयार करते, आई." प्रणिताचे डोळे लाल होते. ती रेणूची वेणी घालायला बसली आणि मान खाली घालूनच बोलायला लागली. "माझंच चुकलंय. मी दिवसभर ऑफिसात. तिच्याजवळ बसून कधी एक पुस्तक उघडून दाखवलं नाही. सगळं अण्णांवर टाकलं, आणि वर त्यांनाच बंद करा म्हटलं. चार रात्री झोप नाही मला. काय की तिला..." विकासने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

लक्ष्मणराव गॅलरीच्या उंबऱ्यात उभे होते. एका हातात दाभण, एका हातात म्हशीचं पहिलं पान. अजूनही गप्प राहता आलं असतं. डॉक्टर म्हणाले असते, पोरगी छान आहे, आणि प्रकरण मिटलं असतं. पण ही पोर, दुसऱ्याच्या घरून आलेली, त्यांची चूक आपल्या डोक्यावर घेऊन रडत होती.

"प्रणिता," ते म्हणाले. "माझं चुकलं."

रेणूने अर्ध्या वेणीसकट मान वळवली.

"पुस्तक मी उजवीकडून शिवलं. उर्दूसारखं. तिने तेच उचललं. तिचं काही बिघडलेलं नाही, माझं बिघडलंय. सकाळी कळलं मला. आणि कळल्यावरसुद्धा मी गुपचूप उसवून परत शिवायला बसलो होतो. तुला सांगणार नव्हतो."

प्रणिताने त्यांच्याकडे पाहिलं, मग चटईवरच्या पानांकडे. तिला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ती आधी हसली, मग हसता हसता रडली आणि मग चांगली चिडली. "अण्णा! आणि माझ्या मामाला बोललात तुम्ही!"

"मामांना मी फोन करून माफी मागतो."

"नक्को! त्यांना काही माहीतच नाही." तिने डोळे पुसले. मग एक सुटं पान उचललं, मधलंच कुठलं तरी, आणि तळहाताने चित्र झाकलं. तिला एक गोष्ट अजून बघायची होती. "रेणू, हे काय लिहिलंय?"

रेणूने बोट ठेवलं. चित्र नाही, मागचं पान नाही, पुढचं नाही. ओठ हलले. "ति... तिकीट... कु... कुठं... गेलं?" आणि मग वर बघून, "मम्मी, हात काढ ना, जीभ दिसत नाही."

पाठ नव्हतं. पोरगी वाचत होती.

"डॉक्टरांना फोन करून येत नाही म्हणून सांगते," प्रणिता म्हणाली. "आणि सोमवारी शाळेत मिसला हे सगळं तुम्ही सांगायचं, अण्णा. तुमच्या तोंडाने."

"सांगतो."

"मग पाच वाजता चालू करा तुमचा क्लास."

भामाबाईंनी चहा आणला. लक्ष्मणराव चटईवर बसले आणि डावीकडची कड जुळवू लागले. विकास बाजूला उभा राहून बापाकडे बघत होता, नव्यानेच ओळख झाल्यासारखा.

"अण्णा," तो म्हणाला, "मी सहा वर्षांचा होतो तेव्हा तुम्ही मला शिकवायचात. मला एक ओळ जमायची नाही, तुम्ही पाटी काढून घ्यायचात. मग मीच बसायचं बंद केलं."

"आठवतं मला."

"मला वाटायचं, अण्णांची चूक होतच नाही. म्हणजे माझंच डोकं मराठीचं नाही." तो हसला, पण ते हसू नीट जमलं नाही. "बेचाळीस वर्षांचा झालो, अजून तसंच वाटतं."

लक्ष्मणरावांनी अंग आवरून चटईवर जागा केली.

विकास बसला. पँटला इस्त्री होती, तरी मांडी घालून बसला. रेणूने लगेच त्याच्या हातात एक पान दिलं आणि त्याचं बोट धरून ओळीखाली ठेवलं. "हळू वाच हं बाबा. नाही आलं तर चित्र बघायचं. मी पण बघते."

"म... म्हैस," विकास म्हणाला. "म्हैस म... म्हणली..."

लक्ष्मणरावांची भुवई वर गेली. तोंडही उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून थांबले. घाई कसली होती? पोरगं वाचत होतं.

"म्हणाली," विकासने स्वतःच दुरुस्त केलं. "मी चालत जाईन."